मोजा ट्रकाच्या पायलीने

सातारा जिल्हा डोळ्यांसमोर आणा. महाबळेश्वरच्या धुक्यापासून माणच्या कोरड्या माळापर्यंत, नीरेच्या काठापासून कराडच्या पलीकडपर्यंत. क्षेत्रफळ १०,४८० चौरस किलोमीटर. आता लेबनॉन घ्या. अख्खा देश, समुद्रकिनाऱ्यासकट, बर्फाच्या डोंगरांसकट: १०,४५२ चौरस किलोमीटर. साताऱ्याहून अठ्ठावीसने कमीच! लोकसंख्यासुद्धा तशीच. तिथलं यादवी युद्ध सुरू झालं त्या १९७५ च्या सुमाराला पंचवीस-तीस लाख. आपल्या साताऱ्यात २०११ च्या जनगणनेत तीस लाख. म्हणजे आपला एक जिल्हा उचलावा आणि भूमध्य समुद्राच्या काठी ठेवावा, एवढाच हा देश.

या जिल्ह्याएवढ्या देशात, राजधानी बैरूतला लागून असलेल्या यार्झे गावी, संरक्षण मंत्रालयासमोर एक शिल्प उभं आहे. ते रणगाड्यांचं आहे. रणगाड्यांचं चित्र नव्हे, नमुना नव्हे. खरेखुरे रणगाडे, चिलखती गाड्या, तोफा, लष्करी वाहनं. किती? ७८! एकावर एक रचलेली, काँक्रीटच्या थरांत रुतवलेली आणि चारी दिशांना नळ्या बाहेर काढून कायमची गप्प बसलेली. शिल्पाचं नाव ‘शांततेची आशा’. शिल्पकार आर्मान. वर्ष १९९५. उंची ३२ मीटर. वजन पाच हजार टन.

पाच हजार टन. आकडा वाचला, पुढे सरकलो, असं होऊ द्यायचं नाही. मोजायचंच. पण मोजायला माप हवं. आपल्या आज्यांकडे पायली होती, अधोली होती; एकदा भरली की किती धान्य ते हाताला कळायचं. या लेखापुरती आपली पायली म्हणजे हायवेवरचा दहाचाकी ट्रक. माल भरतो १६ टन. लांबी १० मीटर धरू. बस्स, एवढं लक्षात ठेवा. शेवटपर्यंत हाच ट्रक आपल्याला पुरणार आहे, आणि कुठवर नेणार आहे ते बघाच.

पाच हजार टन म्हणजे ३१३ ट्रक. एकामागे एक, बंपरला बंपर लावून उभे केले तर तीन किलोमीटरहून लांब रांग. नरिमन पॉइंटला पहिला ट्रक, चौपाटीला शेवटचा. अख्ख्या मरीन ड्राइव्हच्या कमानीवर नुसते ट्रक! एवढ्या वजनाचं नुसतं काँक्रीट ओतायचं म्हटलं तर होईल दोन हजार घनमीटर. आपल्याकडची वीस फूट व्यासाची, चाळीस फूट खोल विहीर घ्या. अशा सहा विहिरी काठोकाठ भरतील.

आणि उंची? गेटवे ऑफ इंडिया २६ मीटर. हा मनोरा त्याच्याही डोक्यावरून सहा मीटर वर जातो. गोविंदांनी नऊ थर लावले की उंची भरते साधारण त्रेचाळीस फूट, आणि तेवढ्याने खाली उभ्या असलेल्या हजारोंचा श्वास अडकतो. यार्झेचा मनोरा एकशेपाच फूट. नवव्या थरावरच्या पोराच्या डोक्यावर पुन्हा नऊ थर, आणि वर आणखी निम्मी उंची. फक्त इथे खांद्यावर खांदा नाही, रणगाड्यावर रणगाडा.

एक रणगाडा म्हणजे काय वजनाची चीज? टी-५५ घ्या. एके काळी जगभर पसरलेला सोव्हिएत रणगाडा, लेबनॉनमध्येही होता, १९७१ च्या युद्धात आपल्या लष्करानेही वापरला. वजन ३६ टन. आपल्या पायलीत तो मावतच नाही, सव्वादोन ट्रक लागतात! मारुती ८०० आठवते ना? साडेसहाशे किलोची. एका टी-५५ मध्ये अशा पंचावन्न मारुत्या बसतात. गल्लीतल्या सगळ्या गाड्या एका तराजूत, एक रणगाडा दुसऱ्यात, आणि काटा हलणार नाही.

आता पैशांकडे येऊ, कारण खरी गंमत तिथे आहे. २०२१ मध्ये भारत सरकारने ११८ अर्जुन मार्क-१ए रणगाड्यांची मागणी नोंदवली. किंमत ७,५२३ कोटी. भागाकार करा: एक रणगाडा पावणेचौसष्ट कोटींना. वजन ६८ टन. म्हणजे किलोचा भाव नऊ हजारांच्या वर! तोच रणगाडा उद्या भंगारात काढला आणि लोखंडाला किलोमागे तीसेक रुपये धरले, तर हातात येतात वीस लाख. चौसष्ट कोटींचे वीस लाख. तीनशेपटीहून जास्त घसरण.

पण आर्मानने तर ते वीस लाखही येऊ दिले नाहीत. मला सगळ्यात मोठी वाटते ती ही गोष्ट. भंगार वितळतं. वितळलेल्या पोलादाची सळई होते, रूळ होतो, आणि मनात आलं तर पुन्हा रणगाडाही होतो. काँक्रीटमध्ये गाडलेल्या रणगाड्याचं काहीच होत नाही. तो विकता येत नाही, वितळवता येत नाही, दुरुस्त करता येत नाही. तो रणगाडाच राहतो, कुणालाही ओळखू येतो, आणि तरी तसूभर हलत नाही.

हा माणूस आयुष्यभर वस्तूंचे ढीगच रचत आला होता. १९६० मध्ये त्याने पॅरिसमधल्या एका कलादालनाची अख्खी खोली कचऱ्याने भरून टाकली. १९८२ मध्ये पॅरिसजवळ साठ मोटारगाड्या काँक्रीटमध्ये एकावर एक चिणल्या आणि त्या खांबाला नाव दिलं ‘लाँग टर्म पार्किंग’. त्या साठ मोटारींचा वाढलेला, खाकी, भयंकर भाऊ म्हणजे यार्झेचा मनोरा.

आणि त्या ७८ गाड्यांमागे काय उभं होतं तेही मोजायला हवं. लेबनॉनचं यादवी युद्ध १३ एप्रिल १९७५ ला सुरू झालं आणि ऑक्टोबर १९९० मध्ये थांबलं. दिवस मोजा: ५,६६२. मनोऱ्यातली एकेक गाडी म्हणजे युद्धाचे अडीच महिने. मृतांचा अंदाज दीड लाखाचा. आता इथे ट्रक नको. इथे एसटी घ्या, पन्नास माणसांची, साताऱ्याच्या स्टँडवरून सुटणारी. दीड लाख माणसं म्हणजे तीन हजार भरलेल्या एसट्या. पहिली सातारा स्टँडवर उभी, आणि तिच्यामागे एकेक लावत गेलो तर शेवटची पार वाईत! पंधरा वर्षं, दर दोन दिवसांनी एक गाडी, आणि उतरणारं कुणी नाही. याशिवाय १७ हजार माणसं बेपत्ता. घरातून निघालेल्या आणि कुठल्याच स्टँडवर न पोहोचलेल्या ३४० गाड्या. त्यांच्या आया आणि बायका पुढे कित्येक वर्षं वाट बघत राहिल्या.

आता वजनाकडून संख्येकडे जाऊ. लेबनॉनहून खाली, आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्याला. मोझांबिक. आपल्या गोव्याचा एके काळचा जोडीदार म्हणा ना. दोघांवर राज्य एकाच पोर्तुगालचं. गोवा १९६१ मध्ये सुटला, मोझांबिक १९७५ मध्ये. पण स्वातंत्र्यानंतर दोनच वर्षांत तिथे यादवी पेटली आणि ती विझायला १९९२ उजाडलं. बळी सुमारे दहा लाख. आणि युद्ध संपल्यावर देशात उरलेल्या बंदुकांचा अंदाज किती? सत्तर लाख!

देशाची लोकसंख्या तेव्हा दीड कोटीच्याही आत. म्हणजे तान्ह्या बाळांसकट दर दोन माणसांमागे एक बंदूक. एके-४७ ची लांबी सत्त्याऐंशी सेंटिमीटर. सत्तर लाख बंदुका टोकाला टोक लावून मांडल्या तर लांबी भरते सहा हजार किलोमीटरहून जास्त. मुंबई-पुणे दीडशे किलोमीटर धरा: वीस वेळा जाऊन वीस वेळा परत. किंवा आपला सातशे वीस किलोमीटरचा किनारा घ्या, डहाणूपासून रेडीपर्यंत. सगळ्या किनाऱ्याला बंदुकांचं कुंपण घाला. एकपदरी नाही, आठपदरी! आणि घालूनही तीनशे किलोमीटर बंदुका शिल्लक.

या बंदुका लोकांनी जमिनीत पुरल्या होत्या, माळ्यावर दडवल्या होत्या. १९९५ मध्ये बिशप दिनिश सेंगुलाने यांच्या पुढाकाराने तिथल्या ख्रिस्ती मंडळाने एक योजना काढली: शस्त्र द्या, अवजार न्या. बंदूक द्या आणि नांगर न्या, शिलाई मशीन न्या, सायकल न्या. एका गावाने तर हत्यारं जमा करून ट्रॅक्टर मिळवला. आणि जमली किती शस्त्रं? सहा लाखांच्या वर! बंदुकीला चार किलो धरले तर २,४०० टन. ट्रकाच्या पायलीने दीडशे ट्रक. शस्त्रं निकामी करायची, तुकडे करायचे आणि त्यातले काही कलावंतांच्या हाती द्यायचे, असा तो क्रम.

त्यातून राजधानी मापुतोच्या कलावंतांनी एक झाड घडवलं. ‘जीवनवृक्ष’. खोड बंदुकांचं, फांद्या बंदुकांच्या, पानं बंदुकांची. वजन अर्धा टन, आता मुक्काम लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये. अर्धा टन म्हणजे आपल्या ट्रकाचा एक कोपरा. एवढ्याचं काय कौतुक? थांबा. अर्ध्या टनात चार किलोच्या १२५ बंदुका. एके-४७ मिनिटाला सहाशे गोळ्यांच्या वेगाने झाडते, सेकंदाला दहा. सगळ्या एके-४७ धरल्या तर हे झाड सेकंदाला साडेबाराशे गोळ्या झाडू शकलं असतं. वानखेडे स्टेडियमवर तेहतीस हजार माणसं बसतात. गोळ्या पुरत राहिल्या तर दर खुर्चीमागे एक गोळी झाडायला या झाडाला लागले असते सत्तावीस सेकंद. एका षटकातले दोन चेंडूही नीट टाकून होत नाहीत तेवढ्यात! आणि जमलेल्या सहा लाख शस्त्रांमधून अशी झाडं किती झाली असती? ४,८००. अख्खं रान.

पण मोठ्या आकड्यांच्या या जत्रेत मला स्वतःला सगळ्यात आवडते ती एक साधी खुर्ची. २००१ मध्ये क्रिस्तोवाव कान्यावातो, म्हणजे केस्टर या कलावंताने बंदुकांच्या तुकड्यांची केली. तीही ब्रिटिश म्युझियममध्येच आहे. हात बंदुकीचे, पाय बंदुकीचे, बैठक बंदुकीची. पाठीला दोन पोर्तुगीज जी-३ रायफली. तिच्यातली एकही बंदूक आफ्रिकेत बनलेली नाही. सगळ्या हजारो किलोमीटर समुद्र ओलांडून आलेल्या. पाठीच्या त्या दोन दस्त्यांकडे नीट बघा. त्यांच्यावरची स्क्रूची भोकं आणि पट्ट्याची खाच मिळून दोन चेहरे दिसतात. दोन डोळे, एक तोंड. दोन्ही चेहरे हसरे. केस्टरने ते कोरलेले नाहीत; बंदुकीतच होते, त्याला फक्त दिसले.

चला, आता दम धरा. पाच हजार टन झाले, सत्तर लाख झाले. यापुढचे आकडे त्यांना खिशात घालतील.

न्यूयॉर्क. संयुक्त राष्ट्रांच्या मुख्यालयाची बाग. तिथे घोड्यावर स्वार झालेला संत जॉर्ज भाला रोवून ड्रॅगन मारतोय. आपल्याला हे दृश्य परकं वाटायचं कारण नाही. घोड्यावरचा खंडोबा मणी-मल्लाला असाच आडवा करतो. उंची एकोणचाळीस फूट, चार मजले. शिल्पकार तिबिलिसीत जन्मलेले झुराब त्सेरेतेली. सोव्हिएत संघाने १९९० मध्ये ही भेट दिली. स्वार कांस्याचा आहे. आणि ड्रॅगन? ड्रॅगन क्षेपणास्त्रांचा आहे! खऱ्या क्षेपणास्त्रांचे तुकडे: सोव्हिएत एसएस-२० आणि अमेरिकन पर्शिंग-२. एकमेकांवर रोखलेली दोन हत्यारं एकाच जनावराच्या अंगात.

ही क्षेपणास्त्रं भंगारात कशी आली? ८ डिसेंबर १९८७ ला अमेरिकेचे अध्यक्ष रेगन आणि सोव्हिएत नेते गोर्बाचोव्ह यांनी करार केला: पाचशे ते साडेपाच हजार किलोमीटर पल्ल्याची, जमिनीवरून सुटणारी सगळी क्षेपणास्त्रं मोडायची. थोडी नाही, सगळी. अमेरिकेने ८४६ मोडली. सोव्हिएत संघाने १,८४६. बेरीज २,६९२. मुदत तीन वर्षांची, १ जून १९९१ पर्यंत. म्हणजे तीन वर्षं, दिवस नाही, रात्र नाही, सणवार नाही, दर दहा तासांनी एक क्षेपणास्त्र कायमचं संपत होतं!

यातली फक्त एसएस-२० घेऊ. एकूण ६५४. लांबी साडेसोळा मीटर, वजन ३७ टन. सगळी आडवी करून रुळांवर एकामागे एक ठेवली तर? जेमतेम अकरा किलोमीटर. चर्चगेटहून सुरुवात केली तर दादर ओलांडून थोडं पुढे संपतील. लोकलने वीस-पंचवीस मिनिटांचा प्रवास. एवढंच? एवढंच.

आता त्यातलं एक उचला आणि बघा ते काय करू शकत होतं. पल्ला पाच हजार किलोमीटर. हे अंतर वीस-पंचवीस मिनिटांत. म्हणजे मुंबई-पुणे पाऊण मिनिटात! डेक्कन क्वीनला तीन तासांहून जास्त लागतात. इथे सीटवर नीट टेकायलाही वेळ नाही. आणि टोकाला तीन अण्वस्त्रं, प्रत्येक दीडशे किलोटनांचं. मिळून साडेचारशे किलोटन, म्हणजे साडेचार लाख टन टीएनटी स्फोटकाची ताकद. हिरोशिमावरचा बाँब होता पंधरा किलोटनांचा. त्या एका बाँबने १९४५ च्या अखेरीपर्यंत सुमारे एक लाख चाळीस हजार जीव घेतले. इथे एका क्षेपणास्त्रात तीस हिरोशिमा.

आणा आपला ट्रक. साडेचार लाख टन स्फोटक भरायला ट्रक लागतील २८,१२५. रांग लावा. मुंबईहून निघा, खंडाळ्याचा घाट चढा, पुण्यात पोहोचा. रांग संपली? नाही. वळा, परत घाट उतरा, पनवेल मागे टाका, वाशीच्या खाडीपुलावर या. तिथे शेवटचा ट्रक. २८१ किलोमीटर, बंपरला बंपर, स्फोटकांनी भरलेले. आणि हे एका क्षेपणास्त्राचं. एका!

आता ६५४. गुणाकार करा, सोबत करू. हिरोशिमा किती झाले? १९,६२०. रोज एक धरला तर त्रेपन्न वर्षं. शिल्प बसलं त्या वर्षी मोजायला लागलो असतो, तर आजही मोजतच असतो. आणि स्फोटक किती? एकोणतीस कोटी त्रेचाळीस लाख टन. ट्रक? एक कोटी चौऱ्याऐंशी लाख! रांगेची लांबी? एक लाख चौऱ्याऐंशी हजार किलोमीटर. पृथ्वीचा विषुववृत्तावरचा घेर चाळीस हजार. ही रांग पृथ्वीला एक वेढा घालते, दोन घालते, तीन घालते, चार घालते आणि पाचव्याच्या निम्म्यावर पोहोचते. सरळ वर उभी केली तर चंद्राच्या जवळजवळ अर्ध्या वाटेपर्यंत. आणि हे सगळं मावत होतं चर्चगेट ते दादर या एवढ्याशा पट्ट्यात! पन्नास-साठ मिनिटं सायकल मारली तर पार करता येईल अशा पट्ट्यात. हा आकडा मी चारदा पडताळला. चारही वेळा अंगावर काटा आला.

करारात एक फट होती, तीही सांगायला हवी: क्षेपणास्त्र मोडण्याआधी त्यातला अण्वस्त्राचा गाभा काढून ठेवायची मुभा दोघांनाही होती. आणि तो करारही २०१९ मध्ये संपुष्टात आला. हे कळल्यावर मला फार वाईट वाटलं. पण ज्या नळकांड्यांनी तो गाभा शहरांवर नेऊन टाकला असता, ती नळकांडी गेली. ६५४ पैकी ६५४. पुसून टाकलेला हिशोब असा दुर्मीळ. मोजके नग, आतून रिकामे करून, संग्रहालयांत ठेवले. वॉशिंग्टनच्या अंतराळ संग्रहालयात एसएस-२० आणि पर्शिंग-२ शेजारी शेजारी उभी केली गेली आणि शाळेची मुलं त्यांच्या पायाशी फोटो काढू लागली.

आणि न्यूयॉर्कच्या त्या बागेत, घोड्याच्या टापांखाली, ड्रॅगन पडलाय. स्वार, घोडा, भाला, ड्रॅगन, सगळं मिळून वजन चाळीस टन. बोलवा आपले ट्रक. अडीच पुरतात.